कॅथलिक विरुद्ध कैदी

खेळांवरील माहितीपट हा आता केवळ क्रीडाशौकिनांचा विषय उरलेला नाही. आपल्या घरांतील तरुण मुले ते आवडीने पाहतात, आणि एखाद्या देशाचा सामाजिक इतिहास शाळेच्या पुस्तकातून जेवढा शिकत नाहीत तेवढा या चित्रपटांतून शिकतात. अमेरिकेत वर्णभेद कसा होता, वेस्ट इंडीजच्या खेळाडूंना इंग्लंडमध्ये काय ऐकून घ्यावे लागले, हे त्यांना ठाऊक असते ते बहुधा पडद्यामुळेच. अशा कृतींकडे साहित्यकृतीइतक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे असे आम्हांस वाटते. दोन संघांच्या गाजलेल्या वैराची कथा सांगताना हे माहितीपट वंशाचा प्रश्न कसा हाताळतात, एवढाच मुद्दा आम्ही येथे विचारार्थ घेतला आहे. त्यासाठी निवडलेले वैर अमेरिकेतील असले, तरी त्यात आपल्या ख्रिस्तसभेचे नावच पणाला लागले होते. त्यामुळे ते आपणांस परके नाही.

प्रथम या प्रकारातील एका मूलभूत अडचणीचा विचार करू. सामन्याला दोन बाजू असतात, ठरावीक वेळ असते आणि शेवटी एक निकाल असतो. कथा सांगणाऱ्याला याहून सोयीचा आराखडा मिळणे कठीण. वंशभेदाच्या प्रश्नाला मात्र अशी ठरावीक वेळ नसते, आणि त्याचा निकाल धावफलकावर लागत नाही. तरीही दिग्दर्शकाला मोह होतो तो हा, की अपमान पूर्वार्धात दाखवावा, विजय उत्तरार्धात दाखवावा आणि हिशेब चुकता झाल्याचे समाधान प्रेक्षकाला द्यावे. आपल्या वाचकांना क्रिकेट अधिक परिचयाचे, म्हणून 'फायर इन बॅबिलॉन' हा स्टीव्हन रायलीचा २०१० चा माहितीपट उदाहरणादाखल घेऊ. १९७६ च्या मोसमात इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग, जो जन्माने दक्षिण आफ्रिकेचा, वेस्ट इंडीजच्या संघाला आपण नाक घासायला लावू अशा अर्थाचे बोलला. त्या काळी दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट होती. तिथे जन्मलेल्या गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल असा शब्द उच्चारावा, याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. वेस्ट इंडीजने मालिका ३-० अशी जिंकली आणि ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत मायकेल होल्डिंगने १४ बळी घेतले. चित्रपटात हे सारे ज्यांनी भोगले त्यांच्याच तोंडून येते, आणि तेच त्याचे मोठे बळ आहे. परंतु होल्डिंगच्या चेंडूने यष्टी उडाली की प्रेक्षकाच्या मनातील प्रश्नही उडून जातो. त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये वेस्ट इंडीजमधून स्थलांतर केलेल्या कुटुंबांचे घर, नोकरी आणि पोलीस यांच्याशी काय नाते होते, याची चौकशी करण्याची निकड त्याला मग वाटत नाही. सामन्याने अपमानाचे उत्तर दिले. अपमान करणारी व्यवस्था मात्र सामन्याबाहेरच राहिली.

आता मूळ विषयाकडे येऊ. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साउथ बेंड या गावी नोटर डेम हे विद्यापीठ आहे. पवित्र क्रूस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी ते १८४२ मध्ये स्थापन केले. त्याच्या नावाचा अर्थच 'आमची माता' असा असून मुख्य इमारतीच्या सोनेरी घुमटावर पवित्र मरियेचा पुतळा उभा आहे. या विद्यापीठाचा फुटबॉल संघ सर्व अमेरिकेत प्रसिद्ध आहे. फुटबॉल म्हणजे येथे आपल्याकडील पायाने खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन किंवा झेलून प्रतिस्पर्ध्याच्या सीमारेषेपलीकडे न्यायचा तो खास अमेरिकन खेळ आहे. रेषा ओलांडली की सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडूला लाथ मारून एक सोपा गुण घेता येतो, किंवा पुन्हा रेषा ओलांडण्याचा अवघड प्रयत्न करून दोन गुण मिळवता येतात.

१९८० च्या दशकात या संघाचे फ्लोरिडातील मायामी विद्यापीठाच्या संघाशी वैर जुंपले. १९८५ मध्ये मायामीने नोटर डेमचा ५८-७ असा धुव्वा उडवला. पराभूत संघाच्या प्रशिक्षकाचा तो अखेरचा सामना होता, आणि जिंकत असतानाही मायामीने दया दाखवली नाही अशी तक्रार पुढे वर्षानुवर्षे होत राहिली. १९८७ मध्ये मायामीने पुन्हा २४-० असा विजय मिळवला आणि त्या मोसमाचे राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. १५ ऑक्टोबर १९८८ रोजी हा संघ साउथ बेंडला आला तेव्हा तो देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि नियमित मोसमातील सलग ३६ सामने जिंकलेला होता. नोटर डेम चौथ्या क्रमांकावर होते. त्या आठवड्यात नोटर डेमच्या काही विद्यार्थ्यांनी एक शर्ट छापून विकला. तो विद्यापीठाने अधिकृतपणे काढलेला नव्हता. पण हां हां म्हणता तो सर्वत्र पसरला. त्यावर तीनच शब्द होते : 'कॅथलिक्स व्हर्सेस कन्व्हिक्ट्स', म्हणजे कॅथलिक विरुद्ध शिक्षा झालेले गुन्हेगार.

सामना खरोखरच अविस्मरणीय झाला. सुरू होण्यापूर्वीच मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्याजवळ दोन्ही संघ एकमेकांवर धावून गेले. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. चौथ्या सत्रात मायामीचा क्लीव्हलँड गॅरी सीमारेषेजवळ पडला आणि त्याच्या हातून चेंडू सुटल्याचा निर्णय पंचांनी दिला. तो निर्णय मायामीच्या लोकांना आजही मान्य नाही. अखेर ४५ सेकंद उरले असता मायामीने सीमारेषा ओलांडली आणि गुणसंख्या ३१-३० झाली. एक गुण घेऊन बरोबरी साधण्याऐवजी प्रशिक्षक जिमी जॉन्सनने दोन गुणांचा प्रयत्न करायला सांगितले. चेंडू फेकला गेला, आणि नोटर डेमच्या पॅट टेरेलने तो हाताने खाली पाडला. नोटर डेम जिंकले. पुढे सर्व बारा सामने जिंकून ते त्या मोसमाचे राष्ट्रीय विजेतेही झाले.

विजयामुळे तो शर्ट इतिहासात जमा झाला. हरलेल्या संघाच्या घोषणा कोणी लक्षात ठेवत नाही. जिंकलेल्याची थट्टासुद्धा दंतकथा होते.

त्या शब्दांना काहीच आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. मायामीच्या काही खेळाडूंना अटक झाली होती, काहींची नावे पोलीस प्रकरणांत आली होती, आणि २ जानेवारी १९८७ च्या मोठ्या सामन्यासाठी तो संघ लष्करी धाटणीचे कपडे घालून विमानातून उतरला तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याची बेशिस्त म्हणून नोंद घेतली होती. परंतु यांतील बहुतेक प्रसंग १९८६ च्या सुमाराचे होते, आणि महाविद्यालयीन संघातले चेहरे दर वर्षी बदलतात. शिवाय अटक होणे आणि न्यायालयाने दोषी ठरवणे यांत जे अंतर आहे, ते त्या शर्टाने एका शब्दात मिटवून टाकले. काही जणांवरील आळ सर्वांच्या कपाळी मारला गेला. आणि हे 'सर्व' कोण होते? मायामीच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्राबल्य होते, आणि शहरातील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतून आलेला संघ हीच त्याची देशभर प्रतिमा होती. कृष्णवर्णीय तरुण म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण अमेरिकेच्या मनात त्या शर्टाच्या फार आधीपासून रुजलेले होते. शर्टाने ते निर्माण केले नाही; त्याने त्याचा केवळ उपयोग केला.

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. नोटर डेमच्या संघातही कृष्णवर्णीय खेळाडू होतेच की, मग यात वंशाचा प्रश्न कोठे आला? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. नोटर डेमचा क्वार्टरबॅक, म्हणजे डावाची सूत्रे हाती असणारा खेळाडू, टोनी राइस हा कृष्णवर्णीय होता. उलट मायामीचा क्वार्टरबॅक स्टीव्ह वॉल्श हा गौरवर्णीय आणि मिनेसोटातील सेंट पॉल शहराच्या कॅथलिक शाळेत शिकलेला. शर्टाचा शब्दशः अर्थ घ्यायचा तर वॉल्शला कोणत्या रांगेत उभे करावे? आणि ज्याच्या हाताने सामना वाचला तो पॅट टेरेल, तोही कृष्णवर्णीय, तोही फ्लोरिडाच्याच सेंट पीटर्सबर्गमधून आलेला. त्याने शिक्षणासाठी उत्तरेऐवजी दक्षिणेचा रस्ता धरला असता, तर त्याच देहाला, त्याच हातांना त्या दिवशी 'कैदी' म्हटले गेले असते. आमच्या मते आक्षेपाचे उत्तर येथेच आहे. कृष्णवर्णीय मुलगा आमच्या बाजूने खेळला की त्याचा वर्ण आम्हांला दिसेनासा होतो, आणि समोरून खेळला की तेवढाच दिसतो. वंशभेद नाहीसा झाल्याची ही खूण नव्हे. तो किती सोयीने वापरता येतो याची ही खूण आहे.

या वैरावर दोन वेगवेगळ्या दिशांनी दोन माहितीपट निघाले. दोन्ही ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या 'थर्टी फॉर थर्टी' या मालिकेतले आहेत. पहिला 'द यू' हा २००९ चा, बिली कॉर्बेन या मायामीकर दिग्दर्शकाचा. कॉर्बेन संघाआधी शहर समजून घेतो. मे १९८० मध्ये एका कृष्णवर्णीय विमा प्रतिनिधीच्या मृत्यूप्रकरणी पोलिसांना गोऱ्या ज्युरीने निर्दोष सोडले आणि मायामीत भीषण दंगल उसळली. त्याच वर्षी क्यूबातून निर्वासितांचे लोंढे आले. अशा शहरात हॉवर्ड श्नेलेनबर्गर हा प्रशिक्षक, ज्या वस्त्यांकडे श्रीमंत विद्यापीठाने कधी ढुंकून पाहिले नव्हते त्या वस्त्यांत जाऊन मुले शोधू लागला. ओव्हरटाउन, लिबर्टी सिटी ही नावे मग संघाच्या इतिहासाचा भाग झाली. १९८३ चे राष्ट्रीय विजेतेपद हे त्या शोधाचे फळ. गुण मिळवल्यावर नाचणे, प्रतिस्पर्ध्याला डिवचणे, मोठमोठ्याने बोलणे हे सारे देशाला उर्मटपणा वाटले. चित्रपटातील खेळाडू सांगतात की आमच्या गल्लीत आम्ही असेच खेळत आलो. शब्द ज्यांच्यावर फेकला गेला त्यांना बोलू दिले, हे कॉर्बेनचे श्रेय निर्विवाद आहे.

तरीही 'द यू' निर्दोष नाही. बदनामीचा प्रतिवाद करता करता तो बदनामीच मिरवू लागतो. संगीत, वेगाने बदलणारी दृश्ये आणि खेळाडूंचे खदाखदा हसणे यांच्या लाटेवर प्रेक्षक असा वाहून जातो, की ज्या प्रकरणांत खरोखर कोणाला तरी इजा झाली, त्या माणसांची आठवण राहत नाही. लोकांनी आम्हांला खलनायक ठरवले, तर आम्ही खलनायकाचा वेश आनंदाने चढवला, असा या चित्रपटाचा सूर आहे. तो आकर्षक आहे. पण त्यात कैद्याचा शिक्का पुसला जात नाही, त्यालाच पदक मानले जाते. वंशाचा प्रश्न येथे स्पष्ट बोलला जातो, आणि तितक्याच लवकर रुबाबाच्या गोष्टीत विरघळून जातो.

दुसरा माहितीपट डिसेंबर २०१६ मध्ये दाखवला गेला, आणि त्याचे नाव शर्टावरचेच आहे : 'कॅथलिक्स व्हर्सेस कन्व्हिक्ट्स'. दिग्दर्शक पॅट्रिक क्रीडन हा १९८८ मध्ये नोटर डेमचाच विद्यार्थी होता, आणि शर्ट विकणारा तरुण त्याचा मित्र. त्यामुळे चित्रपट आतून सांगितलेला आहे. त्यात दोन धागे आहेत. एक सामन्याचा, जो उत्कंठा कोठेही न गमावता उलगडतो. दोन्ही संघांचे खेळाडू आणि दोन्ही प्रशिक्षक त्यात मोकळेपणाने बोलतात. दुसरा धागा शर्टाचा : कल्पना कोणाची, छापला कसा, विकला कोणी, आणि त्या उद्योगाची किंमत कोणाला मोजावी लागली. वसतिगृहातील ते दिवस, तरुणपणाचा अविचार, मैत्रीत पडलेली गाठ, हे सारे क्रीडनने मायेने आणि विनोदाने रंगवले आहे. प्रतिपक्षाची टवाळी त्याने केलेली नाही, आणि पराभूतांनाही त्यांचा मान दिला आहे. एक रंजक चित्रपट म्हणून आम्ही तो कोणालाही पाहायला सांगू.

परंतु समीक्षकाने विचारायचा प्रश्न निराळा आहे. हा चित्रपट ज्या शब्दांवर उभा आहे, त्या शब्दांची झडती तो घेतो काय? वंशाचा उल्लेख चित्रपटात येतो. तो शब्द ज्यांना लागला त्यांच्या मनातील दुखावलेपणही जाणवते. पण तो उल्लेख वाटेत लागणाऱ्या स्थानकासारखा येतो आणि मागे पडतो. चित्रपटाचे मन गुंतले आहे ते शर्ट बनवणाऱ्यांत. त्यांची धांदल, त्यांची शिक्षा, त्यांचा सलोखा हीच त्याची भावनिक वाटचाल आहे. शर्टाने ज्यांचे नाव घेतले त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी जाऊन, आपल्या मुलाला देशभर 'कैदी' म्हटले जात असताना त्या आईवडिलांना काय वाटले, हे विचारण्याइतका हा कॅमेरा रेंगाळत नाही. घोषणा ज्यांनी लिहिली त्यांची कथा तपशीलवार, आणि ज्यांच्यावर लिहिली त्यांची कथा ओझरती, असे हे वाटप झाले आहे. दिग्दर्शकाने कोणावर अन्याय करण्याचे ठरवले होते असे आम्ही म्हणत नाही. तो आपल्या तरुणपणाच्या आठवणींत रमला, आणि आठवणी नेहमी आपल्याच खोलीतून बाहेर पाहतात.

त्याहूनही मोठी उणीव दुसऱ्या शब्दाबाबत आहे. 'कन्व्हिक्ट' या शब्दाबद्दल निदान वाद तरी झाला. 'कॅथलिक' या शब्दाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. जणू तो केवळ 'क' शी 'क' जुळवण्यासाठी आला. वस्तुतः अमेरिकेत या शब्दाचा इतिहास काय होता, हे नोटर डेमइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेल्या गरीब कॅथलिकांना त्या देशात गलिच्छ, दारुडे, भांडखोर आणि देशाशी निष्ठा नसलेले म्हटले जाई. १९२० च्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅन ही कृष्णवर्णीय, ज्यू आणि कॅथलिक अशा सर्वांचा द्वेष करणारी संघटना अत्यंत प्रबळ झाली होती. मे १९२४ मध्ये साउथ बेंडच्या रस्त्यांवर नोटर डेमचे विद्यार्थी आणि क्लॅनचे लोक यांच्यात प्रत्यक्ष हाणामारी झाली. त्याच वर्षी क्नूट रॉकनी या प्रशिक्षकाच्या संघाने एकही सामना न गमावता मोसम गाजवला आणि १ जानेवारी १९२५ रोजी स्टॅनफर्डला हरवले. जे कॉलेजाची पायरीही चढले नव्हते असे कारखान्यांतील लाखो कॅथलिक मजूर या संघाला आपला मानत, कारण शनिवारच्या त्या दोन-तीन तासांत त्यांची मान ताठ होत असे. 'फायटिंग आयरिश', म्हणजे भांडखोर आयरिश, हे नावही प्रथम हिणवण्यासाठीच वापरले जाई असे सांगतात. १९२७ मध्ये विद्यापीठाने ते अभिमानाने अधिकृत केले.

म्हणजे काय झाले? देशाने ज्यांना तुच्छ लेखले त्या गरीब स्थलांतरितांच्या मुलांनी खेळाच्या मैदानावर आपली प्रतिष्ठा मिळवली, अपमानाचे नाव बिरुद म्हणून मिरवले, आणि त्यांच्या उद्धटपणाची कुरकूर करणाऱ्यांना गुणफलकाने उत्तर दिले. ही १९२४ च्या नोटर डेमची कथा आहे, आणि ओव्हरटाउन व लिबर्टी सिटीच्या मुलांचीही हीच कथा आहे. साठ वर्षांत ज्यांची नातवंडे सुस्थितीत आली, त्यांनी आपल्या आजोबांवर मारलेला शिक्का दुसऱ्यांच्या नातवंडांवर मारला. या एका गोष्टीत अमेरिकन कॅथलिक समाजाचा सबंध प्रवास सामावला आहे. दिग्दर्शकाच्या हाती ती सामग्री होती; तिच्यातून थोर चित्रपट झाला असता. दोन संघांचे वैर दाखवता दाखवता त्यांचे नाते दाखवणे, हे खेळाच्या माहितीपटाला साधण्याजोगे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते येथे राहून गेले.

क्रीडनला वंशाच्या प्रश्नाचे भान नाही असेही नाही. दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याने 'हेस्बर्ग' हा माहितीपट केला. फादर थिओडोर हेस्बर्ग हे १९५२ ते १९८७ अशी पस्तीस वर्षे नोटर डेमचे अध्यक्ष होते. १९५७ मध्ये अमेरिकेचा नागरी हक्क आयोग स्थापन झाला तेव्हापासून ते त्याचे सदस्य होते, पुढे त्याचे अध्यक्ष झाले, आणि निक्सन सरकारच्या धोरणांवर टीका केल्यामुळे १९७२ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. २१ जून १९६४ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड या क्रीडांगणावर झालेल्या सभेत ते मार्टिन ल्यूथर किंग यांचा हात हातात धरून उभे राहिले. ते छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. या चित्रपटात वंशाचा प्रश्न आडून येत नाही. तो केंद्रस्थानी आहे, ठामपणे आणि सविस्तर.

एकाच दिग्दर्शकाचे हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की एक सत्य ध्यानात येते. आपल्या बाजूचा माणूस योग्य ठिकाणी उभा होता, तेव्हा वंशभेदाविषयी सविस्तर बोलणे सोपे जाते. आपली बाजू चुकीच्या ठिकाणी उभी होती, तेव्हा तोच विषय आटोपता घ्यावासा वाटतो. फादर हेस्बर्ग यांनी पद सोडले १९८७ मध्ये, आणि शर्ट निघाला १९८८ मध्ये. पस्तीस वर्षांची शिकवण आणि पहिलीच परीक्षा, यांत अंतर होते अवघ्या एका वर्षाचे. ही गोष्ट दोहोंपैकी एका चित्रपटात तरी ठळकपणे यावयास हवी होती असे आम्हांस वाटते. एका समाजात संत आणि शर्ट दोन्ही एकाच अंगणात कसे निपजतात, हे कळल्याशिवाय त्या समाजाचे चित्र पुरे होत नाही.

आता आपल्या श्रद्धेच्या दृष्टीने त्या तीन शब्दांकडे पाहू. 'कॅथलिक' म्हणजे वैश्विक, सर्वांना कवेत घेणारी. ख्रिस्तसभेला हे विशेषण लावलेले आपल्याला प्रथम आढळते ते अंत्युखियाचे धर्माध्यक्ष संत इग्नेशियस यांच्या स्मुर्णा येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात, दुसऱ्या शतकाच्या आरंभी. आणि ते पत्र लिहिताना इग्नेशियस कोठे होते? सैनिकांच्या पहाऱ्यात, श्वापदांच्या तोंडी देण्याची शिक्षा झालेला कैदी म्हणून, रोमच्या वाटेवर. ख्रिस्तसभेला 'कॅथलिक' म्हणणारी पहिली लेखणी एका कैद्याची होती. त्यानंतर या दोन शब्दांमध्ये 'विरुद्ध' हा शब्द घालण्याचा अधिकार कोणत्याही कॅथलिकाला उरत नाही.

प्रभू येशू स्वतः खटला चालवून, दोषी ठरवून, दोन गुन्हेगारांच्या मध्ये वधस्तंभावर दिला गेला. आणि सुखलोकाचे आश्वासन त्याने प्रथम दिले ते त्यांच्यापैकी एकाला. संत पौलाची कित्येक पत्रे तुरुंगातून लिहिली गेली. आमच्या वसईच्या वाचकांना तर दूर जाण्याचे कारण नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारले गेले, ते तेथील राज्यकर्त्याच्या हुकुमाने. त्याआधी त्यांची शहराशहरांतून धिंड काढण्यात आली. रस्त्यालगत उभ्या असलेल्या जपानी माणसाने त्या रांगेकडे पाहून काय म्हटले असेल? गुन्हेगार चालले आहेत, एवढेच. त्या 'गुन्हेगारा'ला ख्रिस्तसभेने १८६२ मध्ये संतपद दिले आणि आपण त्याचा सण साजरा करतो.

नोटर डेमच्या क्रीडांगणातून ग्रंथालयाच्या भिंतीवरचे प्रभू येशूचे भव्य चित्र दिसते. ते १९६४ पासून तेथे आहे. त्यातील प्रभूचे दोन्ही हात उंचावलेले आहेत, आणि गुण झाल्यावर पंचही असेच हात वर करतात, म्हणून प्रेक्षकांनी त्याला गमतीने एक क्रीडांगणी टोपणनाव दिले आहे. खेळावरील माहितीपटांना हे चित्र फार आवडते. सामन्याचे दृश्य आले की ते बहुधा पडद्यावर येतेच. १५ ऑक्टोबर १९८८ रोजीही ते हात उंचावलेलेच होते. ते कोणाच्या बाजूने उंचावले आहेत असे आपण समजतो, हा प्रश्न कॅमेऱ्याने विचारला नाही, तरी प्रेक्षकाने विचारावा.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांच्या थट्टेचा एवढा काथ्याकूट कशासाठी? वीस-एकवीस वर्षांची मुले. शर्ट छापला, हसले, विसरले. आम्हीही त्या मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू इच्छित नाही. तसे केले तर त्यांच्या शर्टाचाच कित्ता आम्ही गिरवू. पण थट्टा विसरली गेलेली नाही. या संघांमधील नियमित सामने १९९० नंतर बरीच वर्षे बंद होते. ते पुन्हा होऊ लागले तेव्हा ते तीन शब्दही परत आले, आणि माहितीपटाने तर त्यांना आपले शीर्षकच केले. थट्टा एकदा करतात ती माणसे. तिला स्मारकाचे रूप देते ती कला. म्हणून कलेला जाब विचारावा लागतो.

दरम्यान नोटर डेमही बदलले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी मार्कस फ्रीमन यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. त्यांचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन आणि आई कोरियन. पुढच्या वर्षी फ्रीमन यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. 'कॅथलिक' म्हणजे कोण, या प्रश्नाचे त्या शर्टाने दिलेले उत्तर किती तोकडे होते, हे त्याच विद्यापीठाच्या मैदानावर आता दिसून आले आहे.

आपल्या घरांत असे माहितीपट पाहिले जातील, आणि पाहिले जावेत. पालकांनी आणि युवक संघटनांनी ते मुलांसोबत पाहावेत, आणि शेवटी दोन साधे प्रश्न विचारावेत. या गोष्टीत अपमानाचा शब्द कोणी उच्चारला, आणि तो ज्याला लागला त्याला बोलायला किती वेळ मिळाला? आणि आपण ज्या संघासाठी टाळ्या वाजवल्या, त्या संघाचे नाव आपल्या धर्माचे असले, म्हणून आपण कोणत्या प्रश्नावरून नजर हटवली? 'द यू' पहिल्या प्रश्नाला उतरतो आणि दुसऱ्याशी झगडत नाही. 'कॅथलिक्स व्हर्सेस कन्व्हिक्ट्स' दोहोंच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परततो. 'हेस्बर्ग' उत्तर देतो, पण सोप्या बाजूने. तिन्ही एकत्र पाहिले तर त्यांच्यात नसलेला चौथा चित्रपट प्रेक्षकाच्या मनात आकार घेऊ लागतो. त्यात १९२४ च्या साउथ बेंडमधला आयरिश मजुराचा मुलगा आणि १९८८ च्या मायामीमधला कृष्णवर्णीय मुलगा एकाच बाकावर बसलेले असतील. तो चित्रपट अजून कोणी तरी करावयाचा आहे.